दीड इंची की दोन इंची

आमच्या जिन्याचा कठडा दर वर्षी गणपतीच्या आधी रंगवला जातो आणि दिवाळीपर्यंत त्याचे पोपडे सुटतात. रत्नागिरीत, समुद्र हाकेच्या अंतरावर असताना, लोखंडाकडून याहून जास्त निष्ठेची अपेक्षा करू नये. आधी रेड ऑक्साइड, त्यावर हिरवा ऑइल पेंट, त्यावर पुढच्या वर्षीचा रेड ऑक्साइड. थरावर थर चढून सळ्या मूळच्यापेक्षा बऱ्याच जाड झाल्यात. आत लोखंड किती उरलंय हे खरवडून बघायचं धाडस आजवर कुठल्याच कमिटीने केलेलं नाही. वरच्या पट्टीवर एके काळी पीव्हीसीची काळी खोळ होती. ती तडकली, आणि आता जिथे जिथे उरली आहे तिथे नेमका तळहाताला चिमटा काढते.

तळमजला धरून चार मजले, लिफ्ट नाही. बिल्डिंग झाली तेव्हा सगळे सभासद तिशीतले. गॅसचा सिलेंडर खांद्यावर मारून तिसऱ्या मजल्यावर चढायचे. आता तेच सगळे सत्तरीत, मुलं पुण्याला किंवा त्याहून लांब, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी उभं. दमलं म्हणून मात्र कोणी थांबत नाही. अण्णा लाइटचे मीटर बघतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना नेमका तिथेच फोन येतो, तोही न वाजता. तिसऱ्या मजल्यावरचे नाना जाळीतून बाहेर बघत "आज भरती मोठी दिसते" म्हणतात. ओहोटी असली तरी.

माझ्या आईचे गुडघे बदलले आणि या सभ्य नाटकाचा पडदा पडला. फिजिओथेरपिस्टने सांगितलं, "आजी, चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि हात कायम कठड्यावर." आईने विचारलं, "बरा कुठला ते कोण ठरवणार?" त्याहून अवघड प्रश्न दुसराच होता. कठडा एकाच बाजूला. चढताना उजव्या हाताला येतो, उतरताना डाव्या, आणि आईचा डावा खांदा जुना आखडलेला. म्हणजे वर जायची सोय आहे, खाली यायची नाही.

दुसऱ्या बाजूला भिंत आहे आणि भिंतीवर तळमजल्यापासून गच्चीपर्यंत हाताच्या तेलकट मळाचा एक लांबलचक पट्टा आहे. दर रंगकामानंतर सेक्रेटरी 'भिंतीला हात लावू नये' अशी पाटी लावतात आणि थोड्याच दिवसांत पट्टा पुन्हा हजर होतो. मी टेप आणून पायरीच्या कडेपासून मोजलं. तीन फुटांच्या जरासा आत. त्याच्या खाली, अडीच फुटांच्या आसपास, आणखी एक फिकट पट्टा, तो पोरांचा. मग केंद्र सरकारची २०२१ची सुगम्यतेबद्दलची, म्हणजे म्हाताऱ्या-अपंगांसकट सगळ्यांना इमारतीत सहज वावरता यावं यासाठीची, मार्गदर्शक तत्त्वं उघडली. त्यात लिहिलंय, धरायचा दांडा दोन्ही बाजूंना हवा, दोन उंचींवर हवा, वरचा ९०० मिलिमीटरवर, खालचा ७६० वर. दिल्लीत तज्ज्ञांनी बसून काढलेले आकडे आमच्या सभासदांनी मळाने भिंतीवर लिहून ठेवले होते आणि आम्ही त्यावर दर वर्षी डिस्टेंपर मारत होतो.

सेक्रेटरींना कागद दाखवला. ते म्हणाले, "अगं, हे सरकारी कचेऱ्यांसाठी असतं. आपली सोसायटी खासगी."

आई म्हणाली, "माझे गुडघेसुद्धा खासगीच आहेत हो."

मग विशेष सर्वसाधारण सभा लागली. कोरमअभावी अर्धा तास तहकूब झाली आणि त्याच खुर्च्यांवर त्याच माणसांनिशी पुन्हा भरली. तळमजल्यावरचे काका आधी उठले. ते जिना चढतच नाहीत, सबब त्यांच्याकडून एक रुपया मागू नये, असं त्यांचं म्हणणं. (गच्चीवरची टाकी गळली तेव्हाही ते हेच बोलले होते. पाणी मात्र ते टाकीतलंच पितात.) पहिल्या मजल्यावरचे दादा नुकतेच मुलाचा पुण्यातला डुप्लेक्स बघून आलेले. त्यांना काच हवी होती. बारा मिलिमीटरची टफन्ड काच, खाली स्टीलचे पाय, वर काहीही नाही, सगळं कसं मोकळं मोकळं. आई म्हणाली, "फार छान. पण धरायचं कुठे?" दादा म्हणाले, "काकू, धरायचं कशाला? काच असतेच की आधाराला." काचेवर हात सपाट ठेवून उतरायचं दृश्य सगळ्यांनी मनातल्या मनात करून बघितलं. शिवाय टफन्ड काच फुटली की बारीक बारीक खडे होऊन खाली येते. दोन थर चिकटवलेली लॅमिनेटेड घेतली तरच जागेवर धरून राहते. ती किंमत वाचल्यावर मोकळेपणाची हौस फिटली.

सगळ्यात कडाडून विरोध नानांचा. "आपण म्हातारे झालो काय? मी अजून हात न लावता चढतो." हे ते बसून बोलले. आमच्या गावच्या घरी माळ्यावर जायच्या लाकडी जिन्याला वरून एक दोर सोडलेला असायचा, मध्ये मध्ये गाठी मारलेला. तो धरल्याशिवाय तरणेताठे गडीसुद्धा चढत नसत आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. नाशिककडच्या हरिहर गडावर उभ्या कातळातल्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी हात रोवायला खोबण्या कोरल्यात. त्या वाटेने जाणारे काही गुडघे बदललेले आजोबा नव्हते. आधाराची लाज नंतर कधीतरी आली, बहुतेक स्टीलबरोबर.

'तीन कोटेशनं मागवावीत' असा ठराव झाला आणि घरून काम करते म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. ज्यांचा लॅपटॉप चालू असतो त्यांना वेळ असतो, असा आमच्याकडे समज आहे.

पहिला फॅब्रिकेटर आला तो मोबाइल घेऊनच. "मॅडम, हे चिपळूणला बसवलं. हे लांज्याला. यात मधे मोर टाकलाय." सगळे नमुने आडव्या पाइपांचे. दिसायला झकास, पण दोन-तीन वर्षांच्या पोराला आडवे पाइप दिसले की तो त्यांना शिडीच समजणार. आमच्या जुन्या कठड्याला निदान उभ्या सळ्या होत्या आणि त्यांच्यातली फट चार इंचांच्या आत, पोराचं डोकं अडकणार नाही अशी. ते कोणी ठरवून केलं होतं की सळ्या स्वस्त होत्या म्हणून, देव जाणे. मी म्हटलं, उघड्या बाजूचा कठडा माणूस पलीकडे पडू नये म्हणून असतो, तो मीटरभर उंच आणि उभ्या सळ्यांचाच राहू दे. गंजलेलं तेवढं बदला आणि हात धरायला आतून वेगळा पाइप द्या, भिंतीकडूनही द्या. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे डिझाइन काहीच नाही?"

दुसऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "माल तीनशे चार नंबरच्या स्टीलचाच. लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर पैसे देऊ नका." सेक्रेटरी धावत घरी गेले आणि फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट घेऊन आले. बाप्पा पाइपाला चिकटेनात. दोन माणसांनी टाळ्या वाजवल्या. मात्र २०२ नंबरचं स्टीलही लोहचुंबकाला अशीच दाद देत नाही. त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. दुकानात ते ३०४ इतकंच चकचकीत दिसतं आणि खाऱ्या वाऱ्यात आलं की थोड्याच दिवसांत अंगावर तांबूस पुटकुळ्या काढतं. खरी परीक्षा औषधाच्या थेंबाची. थेंब टाकायचा, बॅटरीची तार टेकवायची, लाल झाला की समजायचं २०२. थेंबाची बाटली बघून दुसऱ्या फॅब्रिकेटरला एकदम देवरुखच्या साइटची आठवण झाली. तो गेला तो गेलाच.

तिसरा वयाने लहान, पण धंद्यातला. त्याने सरळ सांगितलं, "समुद्राकाठी खरं तर ३१६ लावतात. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला दाद देत नाही. ३०४ चालेल, पण पुसायला लागेल. जिन्यात पाऊस येत नाही ना, मग मीठ धुऊन कोण नेणार?" उघड्यावरचा पाइप पावसाने धुतला जातो आणि छपराखालचा डागाळतो, हे ऐकून मला त्याच्याबद्दल आदर वाटला. ३१६चा भाव ऐकून सभेला वाटला नाही. ३०४ ठरलं, पुसायच्या अटीवर.

आता जाडी. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख इथे होती आणि सभेने नेमका याच विषयाला सगळ्यात कमी वेळ दिला. तो म्हणाला, "ताई, दोन इंची लावू. भारदस्त दिसतो. दीड इंची गरिबाची वाटते." सेक्रेटरींनी मान डोलावली, सोसायटी गरीब दिसणं त्यांना परवडणारं नव्हतं. मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात ३८ ते ४५ मिलिमीटर. दीड इंच म्हणजे ३८, दोन इंच म्हणजे ५० च्या वर. पण मिलिमीटरवर आमच्याकडे मतदान झालं असतं. म्हणून मी आईला रिक्षात घालून त्याच्या वर्कशॉपमध्ये नेलं.

आईने चकाकी बघितली नाही की भाव विचारला नाही. बाजारात भेंडी मोडून बघावी तशी ती एकेक पाइप मुठीत धरून बघत गेली. दोन इंचीभोवती तिची बोटं आणि अंगठा भेटेनात. दीड इंचीवर भेटले. तिने तो पाइप धरून स्वतःला जरा मागे झुकवलं, मी घाबरले, फॅब्रिकेटर घाबरला. "तो नुसता हात ठेवायचा आहे," ती दोन इंचीकडे बोट दाखवून म्हणाली, "हा धरायचा आहे. तोल गेल्यावर मी भारदस्त काय धरू?"

"आजी, तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला आणि वहीत 'दीड' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. तेव्हापासून त्याने माझ्याशी बोलणं बंद केलं. सगळे प्रश्न थेट आजींना. भिंत आणि पाइप यांच्यात किती जागा ठेवू? त्याला एक इंच पुरेसा वाटत होता, जिन्याची रुंदी जायला नको म्हणून. आईने मूठ भिंतीशी धरून दाखवली. बोटांची पेरं घासत होती. दोन इंच ठरले. ब्रॅकेट खालून, म्हणजे हात सरकताना मध्येच सोडावा लागत नाही. पाइप शेवटच्या पायरीवर न संपवता एक फूट पुढे न्यायचा, कारण पायऱ्या संपल्या हे पायाला कळेपर्यंत हाताला काहीतरी लागतं. आणि शेवटचं टोक भिंतीकडे वळवून बंद करायचं, नाहीतर त्यात पदर, पिशवी आणि पावसाळ्यात छत्रीचा दांडा अडकणार. खालचा, पोरांच्या उंचीचा पाइप मात्र सभेने फेटाळला. "पोरं आहेत कुठे बिल्डिंगमध्ये?" यावर कोणी काही बोललं नाही. पुढचा विषय घेतला.

काम सुरू झालं आणि जांभा आडवा आला. आमच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या. चिरा दिसायला दगड, पण ड्रिलचा बिट लागला की त्याची माती होते. पहिला अँकर फास्टनर, म्हणजे भिंतीत रुतून ब्रॅकेट धरून ठेवणारा बोल्ट, ठोकला, नट पिळला आणि अख्खा फास्टनर हातात आला, मागून ओंजळभर तांबडा भुगा. तो भुगा जिन्यातून सगळ्या घरांत शिरला. काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडया भगव्या झाल्या. मग केमिकल अँकर आले. भोक पाडायचं, फुंकून साफ करायचं, बंदुकीने रसायन भरायचं, त्यात दांडा खोचायचा आणि ते घट्ट होईपर्यंत हात लावायचा नाही. म्हणून सेक्रेटरींनी जुनी पाटी शोधून आणली आणि हात धरायच्या पाइपावर 'हात लावू नये' असं लटकवलं. आयुष्यात कधी कठडा न धरलेली माणसं त्या दिवशी येता-जाता पाइप हलवून बघत होती. नाना दोन्ही हातांनी लोंबकळले. "मजबुती बघतोय," म्हणाले.

अर्ध्या जिन्यावर वेल्डिंगला लागणाऱ्या आर्गॉन वायूचा सिलेंडर संपला. तो येईपर्यंत शिमगा आला आणि वेल्डरसकट सगळी मंडळी पालखी नाचवायला आपापल्या गावी गेली. पाइप दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अधांतरी थांबला. वरच्या मजल्यांनी मेंटेनन्समध्ये सूट मागितली. मंडळी परतली ती गुलालासकट, आणि पाइप गच्चीपर्यंत पोचला.

आता आई खाली जाऊन भाजी आणते आणि वर येताना वाटेत कोणासाठीही थांबत नाही, हे काहींना खटकतं. पाइपावर ओल्या छत्र्या, एक रेनकोट आणि पेपरवाल्याने खोचलेला पेपर असतो. नानांनी मीठ पुसायची जबाबदारी स्वतःहून घेतली आहे. फडकं पाइपावर घट्ट दाबून ते रोज संध्याकाळी तळापासून वरपर्यंत पुसत पुसत चढतात, आणि उतरताना दुसऱ्या बाजूचा पुसतात. आमच्याइतका स्वच्छ पाइप अख्ख्या रत्नागिरीत नसेल.

गेल्या महिन्यात तळमजल्यावरच्या काकांचा घोटा मुरगळला. बिल्डिंगच्या दारापाशी तीन पायऱ्या आहेत, त्यांना धरायला काही नाही, हे त्यांनी लेखी कळवलं. खर्च सर्व सभासदांनी समान वाटून घ्यावा, असंही सुचवलं. फॅब्रिकेटरला बोलावलं. त्याने टेप लावला, दीड इंचीच पाइप सांगितला आणि रनिंग फुटाचा भाव मागच्यापेक्षा जास्त लावला.

"अरे, दीड इंची तर गरिबाची ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तेव्हा होती, काका," तो मोबाइलवर आमच्याच जिन्याचा फोटो काढून दाखवत म्हणाला. "आता याला स्लिम पॅटर्न म्हणतात. बंगलेवाले मागतात."