मॅप नंतर, आधी टायर, ब्रेक आणि कूलिंग: झेड४वाल्या मित्राला उत्तर

मित्रा,

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीस, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तू सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड४ घेतलीस, एसड्राइव्ह३५आय. स्पोर्ट्स कारवर पहिला खर्च कशावर करावा, या माझ्या लेखात मी टायर, ब्रेक, कूलिंग आणि मग इंजिनचा मॅप, म्हणजे इंजिन चालवणारं सॉफ्टवेअर बदलणं, असा क्रम दिला होता. त्यावर तू लिहिलंस, "दादा, राग मानू नका, पण हे सर्व्हिसिंग झालं. चार टायरच्या पैशात स्टेज वन रीमॅप (पार्ट न बदलता फक्त सॉफ्टवेअरचा बदल) होतो आणि साठेक हॉर्सपॉवर वाढते. सोलापुरात ट्रॅक नाही, घाट नाही, सरळसोट हायवे आहे. इथं ब्रेकचं एवढं काय घेऊन बसलात?"

राग कसला? खर्च केलेल्या रुपयात किती ताकद वाढते, एवढंच बघायचं तर रीमॅपला तोड नाही, हे तुझं म्हणणं शंभर टक्के मान्य. तुझ्या गाडीतलं एन५४ इंजिन तीन लिटरचं, दोन टर्बोंचं, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या दोन पंख्यांचं. कंपनीतून ३०६ हॉर्सपॉवर देतं आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, कंपनीने बेतानेच ठेवलेला आहे. सॉफ्टवेअर बदललं की फरक पहिल्याच गिअरमध्ये कळतो. माझा प्रश्न वेगळा आहे. ही वाढलेली ताकद मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, आपल्या गावात किती उरते?

हिशोब करून बघ. ४२ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण आठ-नऊ टक्के विरळ असते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, त्यात आणखी पाचेक टक्के जातात. बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद तेवढी सरळ कमी होते. टर्बो ती तूट भरून काढतो, पण त्यासाठी त्याला जास्त फिरावं लागतं आणि दाबलेली हवा जास्त तापते. ती थंड करायची जबाबदारी इंटरकूलरवर, आणि इंटरकूलरला थंड करणारा वारा तोच, डांबरावरून आलेला, ४२ अंशांचा. मी ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा, छोटा रीडर लावून, फोनवर आकडे बघत गावातून गाडी चालवली आहे. सात रस्त्याच्या सिग्नलला नुसतं उभं राहिल्यावर इनटेकच्या हवेचं तापमान साठीच्या वर चढतं. एवढ्या गरम हवेत पेट्रोल वेळेआधी पेटण्याचा, म्हणजे नॉकिंगचा धोका वाढतो. इसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, ते कळतं, तो इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे खेचतो आणि तू पैसे देऊन घेतलेली ताकद त्याच क्षणी कमी होते. डिसेंबरच्या सकाळी पुण्यात डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) काढलेला ग्राफ खोटा नसतो. तो डिसेंबरातल्या पुण्याचा असतो, इतकंच.

खुद्द बीएमडब्ल्यूने काय केलं ते बघ. याच इंजिनातून अमेरिकेसाठी ३३५आयएस ही गाडी काढताना त्यांनी तिथे सांगितली जाणारी ताकद ३०० वरून ३२० वर नेली. वाढ फक्त वीसची. तरी सोबत कूलिंग वाढवलं. तुला साठ हवेत, तेही सोलापूरच्या उन्हात आणि जुन्या रेडिएटरवर.

पेट्रोलचंही तेच. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग टाळायची क्षमता, बीएस ६ च्या नियमाप्रमाणे किमान ९१. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आलं ते देशातल्या दहा शहरांत, त्यात आपल्याकडची मुंबई आणि पुणे. त्या पेट्रोलवर बेतलेला मॅप घेऊन तू आलास आणि मोहोळच्या पंपावर मिळेल ते भरलंस, की इसीयू पुन्हा टायमिंग मागे घेत बसणार. म्हणून मॅप घेशील तेव्हा इथं बारमाही मिळणाऱ्या पेट्रोलवर बेतलेलाच माग. कागदावर आकडा कमी दिसेल, पण मेमध्येही तो बराचसा टिकेल.

आता कूलिंग. या इंजिनाचा पाण्याचा पंप विजेवर चालतो आणि फारशी सूचना न देता बंद पडण्यासाठी तो प्रसिद्ध आहे. पंप बदलल्याचं बिल आधीच्या मालकाने दिलंय का? नसेल, तर तो आणि थर्मोस्टॅट एकत्रच बदलून घे. हाय प्रेशर फ्युएल पंपाचीही चौकशी कर. त्या पंपासाठी या इंजिनाच्या गाड्यांचा अमेरिकेत २०१० साली रिकॉल झाला होता. बूस्ट वाढला की पेट्रोल जास्त लागतं, म्हणजे मॅपचा सगळा ताण आधी याच पंपावर येणार. हे दोन्ही धड असल्याशिवाय मॅपवाल्याकडे जायचं नाही, हे मी आग्रहाने सांगतो.

घाट नाही म्हणतोस, पण तुळजापूर किती लांब आहे? गेल्या उन्हाळ्यात एका मित्राच्या गाडीतून आम्ही तो घाट उतरत होतो. गाडी चांगली, पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक, पुढे लोड भरलेला ट्रक. ट्रकमागे सारखा ब्रेक दाबत खाली आलो, तर शेवटच्या वळणाला पेडल निम्म्यापर्यंत मऊ गेलं. जळक्या पॅडचा वास केबिनमध्ये आला. खाली थांबून बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण काढलं, तर आत चहाच्या रंगाचं पाणी. ते ऑइल कधी बदललं होतं हे त्याला आठवत नव्हतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवीन डॉट ४ चा (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ओलावा मुरला की तो १५५ पर्यंत येऊ शकतो. मग पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि तुझा पाय फक्त ते बुडबुडे दाबत राहतो. डॉट ५.१ घेतलंस तर नव्याचा आकडा २६० आणि ओलाव्यासकट १८०. डॉट ५ मात्र चुकूनही भरू नकोस, ते सिलिकॉनचं असतं, तुझ्या एबीएसच्या गाडीला चालत नाही. सोबत जास्त तापमान सोसणारे पॅड टाक. हे सर्व्हिसिंग वाटलं तरी गाडी कंपनीतून आली त्यापेक्षा चांगली होते.

सरळ हायवेवरही ब्रेकचं काम काही कमी नाही. वेग वाढला की थांबवायची ऊर्जा वर्गाने वाढते. ८० ऐवजी १०० ने, म्हणजे चौपदरी रस्त्याच्या मर्यादेतच, जात असशील तरी ब्रेकला दीडपटीहून जास्त उष्णता पचवायची असते. कारखाने सुरू झाले की टेंभुर्णीपासून इकडे रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या चालतात, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. साठ हॉर्सपॉवर वाढवून त्या ट्रॉलीपर्यंत तू लवकर पोचशील. मला तू तिच्या आधी थांबायला हवा आहेस.

टायरसाठी आज संध्याकाळी एवढं कर. मागच्या चाकाजवळ उकिडवा बस, मोबाइलचा टॉर्च लाव आणि टायरच्या बाजूवर इंग्रजीत 'DOT' लिहिलंय (ब्रेक ऑइलच्या डॉटशी याचा संबंध नाही) त्या ओळीच्या शेवटचे चार आकडे वाच. '२३१९' असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी भरपूर दिसली तरी फसू नकोस. इथल्या उन्हात उभ्या गाडीचं रबर कडक होतं, नख रोवून बघ. तुझी गाडी मागच्या चाकांवर चालते आणि ४०० न्यूटन मीटर टॉर्क आत्ताच त्या रबरातून जातो. मृगाच्या पहिल्या सरीत धूळ आणि तेल मिळून रस्त्याचा राडा होतो, तेव्हा वाढीव टॉर्कने फक्त ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकेल. रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे कडक टायर, काढून साधे चांगले टायर घातलेस तर गाडी खड्ड्यांवर मऊ होईल आणि पकडही सुधारेल. स्टेपनी मुळातच नाही, त्यामुळे पंक्चर किट आणि हवेचा पंप डिकीत ठेव. साइडवॉल फाटली तर मात्र टो करूनच आणावी लागेल, हे धरून चाल.

एक्झॉस्टबद्दल तू शेवटी विचारलंस. "काय बे, आवाजच नाही गाडीला" असं कट्ट्यावर कुणी म्हटलं की हात शिवशिवतात, हे मी समजू शकतो. पण धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नकोस. गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आवाज-धुराचा दंड वेगळा, १०,००० पर्यंत. मॅपसुद्धा विमा कंपनीला न कळवता केलास तर क्लेम अडू शकतो. गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगचा विचार तर आपल्या गल्लीतले स्पीडब्रेकर बघून सोडूनच दे.

तेव्हा टायरवरचे ते चार आकडे आणि पाण्याच्या पंपाचं बिल आहे की नाही, हे खाली लिही. ओबीडी रीडर माझ्याकडे आहे, घेऊन जा. एक दुपार गावात आणि एक फेरी तुळजापूरची कर, इनटेकचं तापमान आणि टायमिंगचे आकडे नोंदव. ते बघून इंटरकूलर आधी की मॅप आधी, हे दोघं मिळून ठरवू.