टेस्टिंग मी केलं, सर

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा विषय फळ्यावर शिकवण्यात मला आजवर फारशी अडचण आलेली नाही. वॉटरफॉलच्या, म्हणजे एक टप्पा संपल्यावरच पुढचा घ्यायच्या पद्धतीच्या, पायऱ्या फळ्यावर नेमाने वरून खाली उतरतात आणि तिसऱ्या वर्षाची मुले त्या तितक्याच निमूटपणे वहीत उतरवून घेतात. हाल सुरू होतात ते प्रकल्पापासून, कारण तिथे चौघांच्या गटाने मिळून एक सॉफ्टवेअर तयार करायचे असते आणि शिक्षकाने त्या एका सॉफ्टवेअरकडे पाहून चार माणसांना चार वेगवेगळे गुण द्यायचे असतात.

१९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने जी परिषद भरली, तिच्यापासून या विषयाचे नाव जगभर रूढ झाले. सॉफ्टवेअर वेळेत होत नाही, ठरल्या खर्चात बसत नाही आणि झाले तरी सांगितल्याप्रमाणे चालत नाही, ही तेव्हाच्या तज्ज्ञांची चिंता होती. यांपैकी पहिली आणि तिसरी तक्रार आमच्या प्रयोगशाळेत आजही जशीच्या तशी पाहायला मिळते. दुसरी मिळत नाही, कारण आमच्याकडे खर्च करायला पैसेच नसतात.

ग्रंथालय व्यवस्थापन, चेहरा ओळखून हजेरी आणि पानाच्या फोटोवरून पिकाचा रोग हे तीन विषय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत आणि महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या गल्लीत ते बांधीव अहवालासह तयार मिळतात. म्हणून प्रत्येक गटाने बाहेरचा एक खराखुरा ग्राहक शोधावा आणि त्याची खरीखुरी अडचण सोडवावी, अशी अट मी घातली. एका गटाने फार लांब न जाता मेसच्या काकूंना गाठले. काकूंच्या मेसचा हिशेब ही खरोखरच सॉफ्टवेअरची वाट पाहणारी गोष्ट होती. पैसे आगाऊ, खाडा आदल्या रात्रीपर्यंत सांगायचा, सलग तीन खाडे झाले तरच पैसे वळते, पाहुण्याचे ताट वेगळे, रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद, असे सगळे नियम काकूंच्या डोक्यात पक्के होते आणि त्यांचे अपवादही तिथेच होते. "परीक्षेच्या दिवसांत मी एकच खाडा असला तरी धरते," असे त्यांनी मुलांना सांगितले आणि लगेच पुढे म्हणाल्या, "पण हे लिहू नका, नाहीतर सगळे मागतील."

मुलांनी हे लिहिले नाही, आणि बाकीचेही बहुतेक लिहिले नाही. आवश्यकतांच्या दस्तऐवजात, म्हणजे एसआरएसमध्ये, त्यांनी 'प्रणाली वापरण्यास सुलभ असेल' हे वाक्य चार ठिकाणी घातले आणि एकाच वेळी दहा हजार लोकांनी वापरली तरी ती कोलमडणार नाही, असे आश्वासन दिले. काकूंकडे साठ ताटे होती. कामाचा अंदाज मात्र त्यांनी बॅरी बोहम यांच्या १९८१ सालच्या कोकोमो सूत्राने अगदी चोख काढला: पाच हजार ओळींच्या प्रोग्रामला सुमारे १३ मनुष्य-महिने, म्हणजे एका माणसाचे १३ महिन्यांचे काम, आणि साधारण साडेसहा महिन्यांचा कालावधी. आमचे सत्र चार महिन्यांचे असते आणि प्रत्यक्ष काम प्रात्यक्षिकाआधीच्या दोन रात्रींत झाले, ही विसंगती कोणालाच टोचली नाही. उलट अहवालातला गँट तक्ता, म्हणजे कामाचे आडव्या पट्ट्यांचे वेळापत्रक, सांगत होता की प्रत्येक टप्पा ठरल्या तारखेला पूर्ण झाला. तो तक्ता काम संपल्यावर काढलेला असल्यामुळे त्यात चूक होण्याला वावच नव्हता.

कोणी किती काम केले हे कळावे म्हणून मी गिट वापरण्याची सक्ती केली. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स या संगणक-प्रणालीच्या कामासाठी २००५ साली घडवलेले हे साधन, कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची नोंद ठेवते, आणि जगभर विखुरलेल्या माणसांना ते पुरते, तर एकाच वसतिगृहातल्या चौघांना का पुरू नये, असा माझा सरळ हिशेब होता. गुणांचा काही भाग गिटमधील नोंदींवर ठरेल, असे मी वर्गात जाहीर केले. एखादे मोजमाप हेच उद्दिष्ट झाले की ते मोजमाप म्हणून निकामी होते, या अर्थाचा नियम चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने ओळखला जातो. गुडहार्ट यांच्या डोळ्यांसमोर चलनविषयक धोरण होते. आमच्या मुलांनी त्याला संगणकशास्त्रात भर घातली. एका विद्यार्थ्याने माहितीच्या फाइलमध्ये एक पूर्णविराम घातला, दुसऱ्या नोंदीत तो काढला आणि तिसऱ्या नोंदीत 'विरामचिन्हांत सुधारणा' असे लिहून पुन्हा घातला. काकूंच्या गटाची नोंदवही तर पाहतच राहावी अशी होती. पहाटे दोन ते सव्वादोनच्या दरम्यान चौघांनी आळीपाळीने, हजेरी क्रमांकानुसार, एकाच लॅपटॉपवरून काम केलेले दिसत होते. गिटला नाव सांगावे ते नाव ते लिहून घेते, ओळखपत्र मागत नाही, हे मुलांना पहिल्या आठवड्यातच कळले होते. अभ्यासक्रमातली इतर कोणतीही गोष्ट त्यांनी इतक्या झपाट्याने आत्मसात केल्याचे मला आठवत नाही.

याच सुमारास एक गट फुटला आणि त्यातला एक विद्यार्थी, सगळ्यांत मागे पडलेल्या दुसऱ्या गटाला हातभार म्हणून, विभागप्रमुखांच्या आदेशाने देण्यात आला. आयबीएमच्या ओएस/३६० या संगणक-प्रणालीच्या अवाढव्य कामाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवले होते की, उशीर झालेल्या कामावर माणसे वाढवली की उशीर वाढतो. चौघांत बोलण्याच्या वाटा सहा असतात, पाचव्याच्या आगमनाने त्या दहा होतात. मी हे गणित विभागप्रमुखांसमोर मांडले, तेव्हा त्यांनी आदेशाची दुसरी प्रत माझ्याकडे सरकवली आणि पोच म्हणून सही मागितली.

काकूंच्या गटात वाटा सहा असल्या तरी वापरात फार थोड्या होत्या. लॅपटॉपचा मालक आणि बिलाचा भाग लिहिणारी मुलगी यांचे गॅदरिंगमधल्या एका नाटुकल्यावरून बिनसले होते आणि ती दोघे एकमेकांशी बोलत नव्हती. निरोप चौथ्याकडून जात. हा चौथा म्हणजे प्रत्येक गटात असतोच तो विद्यार्थी, जो बैठकीला हजर असतो, चहा सांगतो आणि काय केलेस असे विचारल्यावर "टेस्टिंग मी केलं, सर" असे उत्तर देतो. अनुभवी परीक्षकाला याचा अर्थ समजतो. 'डॉक्युमेंटेशन' म्हणणाऱ्याने निदान अहवालाला दुकानातून स्पायरल घालून आणलेले असते. 'टेस्टिंग' म्हणणाऱ्याने तेवढेही केलेले नसते.

कोणतीही प्रणाली ती घडवणाऱ्यांच्या आपसातल्या संवादाचा आराखडा घेऊनच जन्माला येते, असे मेल्व्हिन कॉनवे या अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी १९६८ साली मांडले. अबोला हाही आराखडाच असतो, याचा प्रत्यय प्रात्यक्षिकाच्या दिवशी आला. खाडे नोंदवणाऱ्या लॅपटॉपवाल्याने तारीख आपल्याकडच्या रीतीने, आधी दिवस आणि मग महिना, अशी लिहिली होती. बिल करणाऱ्या मुलीचा प्रोग्राम ती अमेरिकी रीतीने, आधी महिना आणि मग दिवस, अशी वाचत होता. गंमत अशी की १३ तारखेपासून पुढचे सगळे खाडे बिनचूक धरले जात, कारण तेरावा महिना अस्तित्वात नसल्याने प्रोग्राम मुकाट्याने त्या आकड्याला दिवस मानत असे. तेरावा महिना कोणाच्या कामी आल्याचे हे एकच उदाहरण मला माहीत आहे. गटाने चाचणीची सारी माहिती महिन्याच्या उत्तरार्धात भरल्यामुळे पडद्यावर सर्व काही सुरळीत दिसत होते, बाह्य परीक्षक मान डोलावत होते आणि सादरीकरण करणारा चौथ्या क्रमांकाच्या स्लाइडवरून भविष्यातील विस्ताराकडे निघालाही होता.

तेवढ्यात परीक्षकांनी चौथ्याला विचारले, "तुमचे योगदान काय?"

"टेस्टिंग मी केलं, सर," तो म्हणाला. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिले, मी खिडकीबाहेर पाहिले. पण तो थांबला नाही. "मी काकूंकडेच जेवतो, सर. पाच ते नऊ मार्च मामेबहिणीच्या लग्नाला गेलो होतो, त्याचे पाच खाडे टाकले. मार्चच्या बिलात एक पैसा वळता झाला नाही. मग पुढचे महिने उघडून पाहिले, तर तीन मे, तीन जून, तीन जुलै, तीन ऑगस्ट आणि तीन सप्टेंबर असे माझे पाच खाडे लागलेले आहेत. आणि सलग नसल्यामुळे त्यांचेही पैसे मिळणार नाहीत."

खोलीत प्रोजेक्टरचा पंखा तेवढा ऐकू येत होता. लॅपटॉपवाला आणि ती मुलगी महिन्यांनंतर प्रथमच एकमेकांशी बोलू लागली, मात्र विषय दोष कोणाचा हा होता. हे आधी का सांगितले नाहीस, असे परीक्षकांनी विचारले तेव्हा चौथ्याने सांगितले की, त्याने दोघांनाही वेगवेगळे सांगितले होते आणि दोघांनीही ते दुसऱ्याच्या भागात आहे असे कळवले होते. त्याने काकूंना मात्र वहीच चालू ठेवायला सांगितली होती.

परीक्षक जाताना माझ्या कानात एवढेच म्हणाले की, इतका खरा दोष शोधणारा विद्यार्थी त्यांना फार दिवसांनी भेटला. मी त्याला गटात सर्वाधिक गुण दिले. दुसऱ्या दिवशी उरलेले तिघे माझ्या टेबलाशी उभे होते, आणि त्या सत्रात ते तिघे प्रथमच एका मताने बोलत होते. "सर, पाच हजार ओळी आम्ही लिहिल्या," त्यांची तक्रार होती, "त्याने फक्त जेवण केलं."

मी गुण भरण्याचे पोर्टल उघडून पाहिले. गुण गोठवले गेले होते.