"सही केलीत ना, मग आता काही होत नाही"

शनिवारी आमच्या ग्राहक मार्गदर्शनाच्या टेबलाशी एक काकू आल्या. हातात किराणा दुकानाची पिशवी, पिशवीत नवऱ्याचं डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, दोन एक्स-रे. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, "तसं काही होत नाही म्हणतात, पण मुलगी म्हणाली एकदा विचारून तर ये." आणि मोबाईल पुढे केला.

मेसेज ओळखीचाच होता. वेगवेगळ्या रूपांत तो फिरतच असतो. सार असं: ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही केली की डॉक्टरच्या चुकीबद्दल तक्रार करायचा हक्क संपतो. 2019 च्या नव्या कायद्याने डॉक्टरांना ग्राहक कायद्यातून वगळलंय. सरकारी रुग्णालयात फुकट उपचार घेतले असतील तर विषयच मिटला. फाइल हॉस्पिटलच्या मालकीची, ती मागता येत नाही. केस करायची तर लाखो रुपये लागतात. म्हणून पोलिसांत जाऊन डॉक्टरवर गुन्हा नोंदवायचा, तेवढा एकच मार्ग उरतो.

यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही. काहींत खऱ्याचा तुकडा आहे, आणि माणूस फसतो तो त्या तुकड्यामुळेच.

सहीपासून सुरुवात करू, कारण काकूंना तीच खात होती. "मीच सही केली हो," हे त्या तीनदा म्हणाल्या. संमतीपत्र म्हणजे उपचार करायला दिलेली परवानगी. निष्काळजीपणाला माफी त्यात कुठेही येत नाही, छापलेली असली तरी ती टिकत नाही. पोटात कापसाचा बोळा ठेवायला कुणी संमती दिलेली नसते. उलट सही कशावर घेतली हेच डॉक्टरच्या अंगाशी येऊ शकतं. समीरा कोहली खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयासमोर नेमका हा प्रश्न होता. 44 वर्षांची अविवाहित स्त्री दुर्बिणीतून तपासणीसाठी दिल्लीतल्या दवाखान्यात गेली. तिने सही केली ती तपासणीसाठी. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढून टाकले. न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईची संमती चालणार नाही आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. भरपाई मात्र मिळाली 25 हजार. मागणी 25 लाखांची होती. हा आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण निकाल बाजूने लागणं आणि नुकसान भरून निघणं यांत बरंच अंतर असतं.

काकूंच्या पिशवीत संमतीपत्र नव्हतंच. त्याची प्रत मिळते हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी पाहिलेल्या बऱ्याच संमतीपत्रांत ऑपरेशनचं नाव लिहायची रेघ कोरी असते, सगळा मजकूर इंग्रजीत, आणि तळाशी थरथरती देवनागरी सही. असा कागद रुग्णाच्या विरोधात जातो की बाजूने, हे तो हातात आल्यावरच कळतं.

म्हणून आता फाइल. रजिस्टर कुणाच्या कपाटात राहणार हा वाद हवा तर घाला, पण नोंदींची प्रत मिळण्याचा हक्क रुग्णाचा आहे. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या असतात आणि मागणी आल्यावर 72 तासांत द्यायच्या असतात. त्याआधीच, 1996 साली, मुंबई उच्च न्यायालयाने रहेजा खटल्यात रुग्णालयांना बजावलं होतं की कागद गोपनीय आहेत असं सांगून ते रुग्णापासून लपवता येणार नाहीत. तोंडी मागितलं तर "उद्या या" ऐकायला मिळतं. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. भुलीची नोंद, नर्सिंग चार्ट, ऑपरेशन नोट्स, सगळं मागा. खरी हकिगत बहुतेक वेळा नर्सिंग चार्टमध्ये असते: ताप किती वाजता चढला, डॉक्टरना कधी कळवलं, ते कधी आले.

आता तो 2019 चा कायदा. इथे खऱ्याचा तुकडा असा: 2018 च्या विधेयकात 'सेवा' या व्याख्येत आरोग्यसेवेचा उल्लेख होता, मंजूर झालेल्या कायद्यात तो गळला. झालं, डॉक्टर सुटले असा अर्थ काहींनी काढला. डॉक्टरांच्या बाजूची एक संस्था तोच मुद्दा घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. 2021 साली न्यायालयाने याचिका फेटाळली आणि वर 50 हजारांचा दंड ठोठावला. 2022 साली सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. जुनाच सिद्धांत कायम: पैसे घेऊन दिलेला उपचार ही सेवा आहे, जो 1995 च्या व्ही. पी. शांता निकालात ठरला. 2024 च्या मे महिन्यात मेसेजवाल्यांना आशा वाटावी असं घडलं खरं. वकिलांना ग्राहक कायद्यातून वगळताना दोन न्यायमूर्तींनी सुचवलं की शांता निकालाचाही फेरविचार व्हावा. नोव्हेंबरात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, गरज नाही.

आणि ग्राहक कायदा नसता तरी काय? मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर अपघात होऊन एका विशीतल्या तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. पायाला आधार बांधून, टॅक्सीने सुमारे अकरा तासांचा प्रवास करून त्याला पुण्याला आणलं. तिथे शल्यविशारदाने भूल न देता, माणसं लावून, जोराने पाय ओढून हाड बसवलं. त्याच रात्री मुलगा गेला. वडिलांनी दिवाणी दावा लावला. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्रिंबक गोडबोले या नावाने तो 1968 साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, डॉक्टर दोषी ठरले, भरपाई तीन हजार रुपये. रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार करावा, तो कसा करावा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने काळजी घ्यायची असते हे सूत्र या निकालातलं. आजही ते उद्धृत होतं. तेव्हा ग्राहक न्यायालय हा शब्दसुद्धा नव्हता.

सरकारी दवाखान्याबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. जिथे सगळ्यांनाच उपचार फुकट, तिथला रुग्ण ग्राहक ठरत नाही. केस पेपरचे दहा-वीस रुपये भरल्यानेही ठरत नाही. (काहींकडून पैसे घेऊन काहींना फुकट देणाऱ्या रुग्णालयात मात्र फुकटवालाही ग्राहक, आणि बिल विमा कंपनीने भरलं तरी रुग्ण ग्राहकच.) पण ग्राहक आयोगाचं, म्हणजे ग्राहक न्यायालयाचं, दार बंद म्हणजे दिवाणी न्यायालयाचं बंद नव्हे. 1963 साली औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात एका बाईचं बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. ताप, पोटदुखी. सहा दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरने पोट उघडलं तर आत टॉवेल. बाई वाचली नाही. नवऱ्याने राज्य सरकारवर दावा लावला, खालच्या कोर्टात जिंकला, उच्च न्यायालयात हरला, आणि 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे 36 हजार पुन्हा मंजूर केले. टॉवेल आत राहिला यातच निष्काळजीपणा दिसतो, कुणाच्या हातून राहिला हे कुटुंबाने शोधून काढायची गरज नाही, आणि नोकराच्या चुकीला सरकार जबाबदार. तेहेतीस वर्षं लागली. हक्क नव्हता असं मात्र कुणी म्हणू नये.

लाखो रुपयांचं पटकन संपवतो. रुग्णालयाला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क शून्य. मागितलेली भरपाई किती, याच्याशी आता त्याचा संबंध नाही. वकील सक्तीचा नाही. ऑपरेशन मुंबईत झालं असलं तरी साताऱ्याचा माणूस साताऱ्यात तक्रार करू शकतो. तज्ज्ञाचं मत लागतं का? गुंतागुंतीच्या प्रकरणात लागतं, आणि ते मिळवणं हीच खरी दमछाक. पण प्रत्येक प्रकरणात ते हवंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली किशन राव खटल्यात स्पष्ट केलंय. निकालाला वर्षं जातात, हेही सांगून टाकतो.

पोलिसांत जाण्याचा सल्ला मला सगळ्यांत वाईट वाटतो. लुधियानाच्या एका रुग्णालयात 1995 साली श्वास लागलेल्या रुग्णाला जोडलेला ऑक्सिजन सिलिंडर रिकामा निघाला, दुसरा सुरू होण्याआधीच रुग्ण गेला. इतकं असूनही जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 साली डॉक्टरवरचा फौजदारी खटला रद्द झाला. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा घोर पातळीचा लागतो, पोलिसांनी आधी स्वतंत्र आणि शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यायचं असतं, उठसूट अटक करायची नसते. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्येही डॉक्टरला कमाल दोन वर्षं, इतरांना पाच. रुग्णालयात गर्दी जमवून, काचा फोडून काय होतं? 2010 च्या राज्याच्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट वसुली होते, ती रुग्णाच्याच घरच्यांकडून. शिवाय रुग्ण दगावला म्हणजे चूक झालीच असंही नसतं. हे दुःखात ऐकवत नाही, पण टेबलाच्या या बाजूला बसून सांगावं लागतं.

आणि जे सांगायला हवं होतं ते मेसेजमध्ये नाहीच: मुदत. ग्राहक आयोगात दोन वर्षं. गोव्यातल्या एका सरकारी परिचारिकेचं 1993 साली पित्तखड्यांचं ऑपरेशन झालं. पोट दुखत राहिलं, ती वेदनाशामकं घेत राहिली. नऊ वर्षांनी दुसऱ्या ऑपरेशनमध्ये आत गॉझ, म्हणजे जखमेसाठी वापरायचं जाळीदार कापड, सापडला. तक्रार 2004 मध्ये केली, म्हणजे गॉझ सापडल्यापासून दोन वर्षांच्या आत. तरी 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली. इजा दडलेली असेल तर मुदत ती कळल्यापासून मोजता येते, हे न्यायालयाने मान्य केलं; पण ही बाई स्वतः परिचारिका, एवढी दुखत असताना इतकी वर्षं गप्प कशी राहिली, असं विचारलं. मला हा निकाल कठोर वाटतो. पण तो आहे, आणि दुखणं अंगावर काढायची सवय असलेल्या आपल्या घरांत तो माहीत असलेला बरा.

काकूंच्या डिस्चार्ज कार्डावरची तारीख पाहिली. दोन वर्षं पुरी व्हायला अजून सात महिने होते. मग कागद घेतला आणि "प्रति, वैद्यकीय अधीक्षक" असं लिहून अर्ज सुरू केला. सही करायची वेळ आली तेव्हा काकूंनी पेन हातात धरून आधी सगळं वाचून काढलं, दोनदा.