चवीनं खाणार त्याला पलंग देणार

पलंगाखाली पीठ सांडलंय, असं घरात जाहीर झालं आणि पहिला संशय अर्थातच माझ्यावर. पलंगाखाली पीठ घेऊन मी कशाला जाईन, हे कुणी विचारलं नाही. झाडलं, पुसलं, दुसऱ्या दिवशी ढीग पुन्हा जागेवर हजर. चिमटीत घेऊन चोळलं तर कण म्हणून हाताला लागेना. वाकून पाहिलं, तर बाजूच्या फळीला एक-दोन मिलिमीटरची गोल गोल भोकं.

"वाळवी!" ज्येष्ठांनी निकाल दिला. पण वाळवी आपल्या वाटा मातीनं लिंपत येते, असा मऊसूत भुगा टाकत नाही. हा लिक्टस नावाचा भुंगेरा. तपकिरी, सडपातळ, लांबी ३ ते ७ मिलिमीटर. एवढ्याशा जिवाच्या आवडीनिवडी मात्र विचारू नका. मादी रात्री येते, लाकूड चावून चव घेते. स्टार्च साधारण ३ टक्क्यांच्या खाली असेल तर नापसंत. मग लाकडाची सूक्ष्म छिद्रं बघते. तिची अंडी घालायची नळी आत शिरेल एवढी ती रुंद हवीत. पाइनसारख्या सूचिपर्णी लाकडात अशी छिद्रंच नसतात, म्हणून तिकडे ती फिरकत नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून हा पलंग पसंत केला तेव्हा फक्त पॉलिश पाहिलं होतं.

अंड्यातून निघालेली पांढरी, वाकडी अळी महिनोन्‌महिने लाकूड पोखरते. पचवते फक्त स्टार्च, साखर, थोडी प्रथिनं. लाकडातलं सेल्युलोज तिला पचत नाही. ते जसंच्या तसं मागून बाहेर. म्हणजे मी ज्ञानप्राप्तीसाठी चिमटीत घेऊन चोळलं होतं, ते हे. (हात त्यानंतर बराच वेळ धुतले.)

मग सल्लागार आले. एकानं सिरिंजनं भोकाभोकांत रॉकेल भरायला सांगितलं. पण भोक ही बाहेर पडायची वाट! ते दिसलं, म्हणजे ते पाडणारा केव्हाच उडून गेला. आत राहिलेली भावंडं भलत्याच बोगद्यात. "वरून व्हार्निश मारा," दुसरे म्हणाले. त्यानं छिद्रं बुजतात आणि नवी अंडी घालता येत नाहीत, हे खरं; पण आतले भुंगेरे व्हार्निशही कुरतडून बाहेर येतात.

शेवटी ज्यांच्याकडून पलंग घेतला त्यांनाच फोन लावला. नव्या सामानात ही कीड बहुतेकदा लाकडासोबतच येते. अंडी पडतात ती लाकूड रचून ठेवलेलं असतानाच.

"अशक्य," ते म्हणाले. "संपूर्ण गाभ्याचं लाकूड आहे. लिहून देतो."

"गाभ्याला लिक्टस तोंड लावत नाही हो. तो सालीलगतचं फिकट लाकूडच खातो, स्टार्च तिथं असतो. आणि आमची ही फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत खाल्लीय."

"तुम्ही माझ्यापेक्षा एका किड्यावर विश्वास ठेवता?"

"त्यानं चव घेऊन सांगितलंय. तुम्ही घेतली होती का?"

फोन कट झाला.