उपकथानकं सांभाळली की सोडून दिली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'द एक्सपान्स' या विज्ञानकादंबऱ्यांच्या मालिकेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत आणि 'एक जुना वाचक' एवढीच सही केलीत. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुम्ही सहाव्या पुस्तकावर बोट ठेवलंत आणि ते मला आधी पुन्हा वाचायचं होतं.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. मी लिहिलं होतं की २०११ ते २०२१ या काळात आलेल्या या नऊ कादंबऱ्यांमध्ये जेम्स एस. ए. कोरी, म्हणजे या टोपणनावाने लिहिणारे डॅनियल एब्रहम आणि टाय फ्रँक, यांनी उपकथानकं फार उत्तम सांभाळली आहेत. त्यावर तुमचे आक्षेप तीन. पहिल्या चार पुस्तकांचा कणा असलेला प्रोटोमॉलिक्यूल, म्हणजे सजीवांचं रूप पालटून टाकणारा परग्रहावरचा पदार्थ, पाचव्या-सहाव्यात बाजूला पडतो आणि नुसतं युद्ध सुरू होतं. सहाव्यात इतक्या जणांच्या नजरेतून गोष्ट येते की कोण कुठला हे लक्षात राहत नाही. आणि सातव्यात तीस वर्षांची उडी मारून लेखकांनी 'गुंता सोडवायच्या ऐवजी कात्री चालवली'. त्या पुस्तकाच्या निम्म्यावर तुम्ही वाचन थांबवलंत. शेवटी म्हणालात, 'हा लेख म्हणजे आवडत्या मालिकेची वकिली आहे.'

ज्यांना ही पुस्तकं अजून वाचायची आहेत त्यांनी इथेच थांबावं. पुढे बरीच रहस्यं फुटणार आहेत.

सहाव्या पुस्तकाचं आधी, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. 'बॅबिलॉन्स अ‍ॅशेस'मध्ये पंधराहून जास्त माणसांच्या नजरेतून प्रकरणं येतात. पहिल्या पुस्तकात, अगदी सुरुवातीचं आणि शेवटचं प्रकरण सोडलं, तर दोनच माणसं होती: जहाजावरचा होल्डन आणि डिटेक्टिव्ह मिलर, आलटून पालटून. होल्डनची प्रकरणं फ्रँकनी लिहिली होती, मिलरची एब्रहमनी. दोन धागे, दोन हात. सहाव्यात मेडिना या अंतराळ स्थानकावरचे तंत्रज्ञ, सालिस, याकुल्स्की, रॉबर्ट्स, व्हँडरकॉस्ट, एकेक करून येतात तेव्हा मला पानं उलटून मागे जावं लागलं होतं. या वेळीही लागलं. हे लेखात यायला हवं होतं. मी ते गाळलं, ही चूक कबूल.

पण त्याच पुस्तकात प्रॅक्स परत येतो, आणि तिथे मला एकदाही मागे जावं लागलं नाही. फ्री नेव्ही या बंडखोर आरमाराने गॅनिमिड हा गुरूचा उपग्रह ताब्यात घेतलेला आहे, पृथ्वीवर माणसं उपाशी आहेत, आणि हा वनस्पतिशास्त्रज्ञ अन्न तयार करू शकणाऱ्या यीस्टचं संशोधन गुपचूप पृथ्वीकडे पाठवून देतो. त्याला जागा मोजकीच मिळाली आहे. तरी ती भिडते, कारण चार पुस्तकांपूर्वी हा माणूस आपली हरवलेली मुलगी शोधत वणवण फिरताना आपण पाहिलेला असतो. त्याचं खातं आधीच उघडलेलं आहे, त्यात भरपूर जमा आहे. तंत्रज्ञांचं खातं तिथेच उघडायचं आणि तिथेच त्यातून खर्च करायचा, म्हणून ते तोकडे पडतात. तुम्ही संख्येला दोष दिलात. माझ्या मते पंधरा नजराही चालल्या असत्या, त्यातल्या बहुतेक आपल्या ओळखीच्या असत्या तर.

टीव्ही मालिका करणाऱ्यांनाही ही अडचण जाणवली असावी. २०१५ ते २०२२ मधल्या त्या सहा सीझनमध्ये ड्रमर या एका पात्रात पुस्तकांमधल्या दोन-तीन माणसांची कामं एकत्र केली आहेत. पडद्यावर ते फार चांगलं जमलं आहे.

आता मुळात 'सांभाळणं' म्हणजे मी काय म्हणत होते ते नीट सांगते, कारण लेखात ते अर्धवट राहिलं. दुसऱ्या वाचनाच्या वेळी मी एक शंभरपानी वही केली होती. प्रत्येक प्रकरणाला एक ओळ: हा माणूस आत्ता कशाच्या मागे आहे? 'कॅलिबन्स वॉर'ची, म्हणजे दुसऱ्या पुस्तकाची, पानं अजून माझ्यासमोर आहेत. प्रॅक्सच्या ओळी सगळ्या सारख्याच, 'मेई कुठे आहे?' मंगळाची सैनिक बॉबी हिच्या ओळी, 'ते काय होतं?' पृथ्वीवर बसलेल्या मुत्सद्दी अवसरालाची पहिली ओळ, 'शुक्राला कसं कळलं?'

हे तीन प्रश्न एकाच दिवसाचे आहेत. गॅनिमिडच्या पृष्ठभागावर बॉबीला समोरून पृथ्वीचे सैनिक पळत येताना दिसतात. तिला वाटतं हल्ला आहे. खरं तर ते कशापासून तरी पळत असतात, आणि ते जे काही मागून येतंय त्याच्या अंगावर अंतराळ-पोशाख नाही. तिची सगळी तुकडी मारली जाते. वर कक्षेत दोन्हीकडच्या जहाजांमध्ये गोळीबार सुरू होतो, सूर्यप्रकाश आणणारे प्रचंड आरसे तुटून खाली पडतात, आणि प्रॅक्सचा सोयाबीनचा डोम उद्ध्वस्त होतो. तो धावत मुलीच्या शाळेत जातो तर बाई सांगतात, तिला तिचे डॉक्टर आधीच घेऊन गेले, सोबत तिची आईही होती. तिकडे हेगमध्ये अवसरालाला अहवालांच्या ढिगात एक गोष्ट खटकते: गॅनिमिडवर हे घडत असताना त्याच क्षणी शुक्रावरही, जिथे पहिल्या पुस्तकात प्रोटोमॉलिक्यूल जाऊन पडला होता, काहीतरी हाललं होतं.

एकीने शरीर पाहिलं, एकाची मुलगी गेली, एकीच्या हातात फक्त वेळेची नोंद. पुरं सत्य कुणाकडेच नाही. म्हणून त्यांना एकमेकांपर्यंत पोचावंच लागतं, लेखकांना योगायोगाने भेटी घडवाव्या लागत नाहीत. प्रॅक्सला होल्डन भेटतो, बॉबीला अवसराला आपल्याकडे कामाला घेते, चाराचे दोन धागे होतात, आणि शेवटी सगळे 'रोसिनांते' या होल्डनच्या जहाजावर. वहीत हे उतरवताना मला फार आनंद झाला होता, अजूनही होतो. आणि पुस्तक संपतं तेव्हा प्रॅक्सच्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं असतं. पुढच्या पुस्तकासाठी मेईला लपवून ठेवलेलं नाही. टीव्हीवरच्या रोजच्या मालिकांनी आपल्याला दुसरीच सवय लावली आहे: प्रश्न उघडा ठेवायचा आणि त्यात पाणी घालत राहायचं. इथे प्रश्न मिटतो, आणि पुढे जातं ते त्याचं पर्यवसान.

याच नजरेने तुमच्या पहिल्या आक्षेपाकडे बघू. चौथ्या पुस्तकाच्या, म्हणजे 'सिबोला बर्न'च्या, अगदी शेवटी अवसराला आणि बॉबी यांचं एक संभाषण आहे. तेराशेहून जास्त नव्या जगांची दारं उघडली आहेत, तिथे मोकळी हवा आहे. मग मंगळावर पिढ्यानपिढ्या डोममध्ये राहून तो ग्रह हिरवा करण्यासाठी कोण राबणार? लोक निघून जाणार, मंगळ ओस पडणार, आणि त्याच्या प्रचंड आरमाराला गिऱ्हाईक शोधलं जाणार. पहिल्यांदा वाचताना हे मला निरोपाचं भाषण वाटलं होतं, मी ते भरभर वाचून टाकलं.

पाचव्या पुस्तकात होल्डनचा वैमानिक अ‍ॅलेक्स आणि बॉबी ज्या हरवलेल्या जहाजांचा माग काढतात ती हीच. त्यांच्या जोरावर फ्री नेव्हीचा म्होरक्या मार्को इनारोस अंतराळातून पृथ्वीवर दगड फेकतो. आणि त्या जहाजांची किंमत काय? टायको स्थानकावरून चोरलेला प्रोटोमॉलिक्यूलचा नमुना. तो मंगळाच्या आरमारातल्या दुआर्ते या अधिकाऱ्याकडे जातो, दुआर्ते लॅकोनिया या नव्या जगाचं दार ओलांडून जातो, आणि सातव्या पुस्तकात तुम्ही जिथे थांबलात तिथे जी अजिंक्य जहाजं येतात ती त्याच नमुन्यातून. म्हणजे तुम्ही ज्याला 'नुसतं युद्ध' म्हणता त्याच्याखालून प्रोटोमॉलिक्यूल सतत वाहतो आहे. एवढं मात्र मान्य करते की पाचवं वाचताना ती चोरी सहज नजरेआड होते, कारण आपलं सगळं लक्ष मार्कोच्या कैदेत सापडलेल्या नेओमीकडे लागलेलं असतं. लेखकांनी चोरीला आणखी दोन पानं दिली असती तर बिघडलं नसतं.

तीस वर्षांच्या उडीबद्दल मात्र मी तुमच्याशी ठामपणे असहमत आहे. कात्री चालवली असं म्हणायला मध्ये काही लोंबकळत राहिलेलं हवं. मार्को संपला, लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या लोकांना वाहतूक संघ मिळाला, होल्डन आणि नेओमी एकत्र आहेत. युद्धाचा हिशेब सहाव्यातच चुकता झाला होता. आणि काही गोष्टींना दाखवायला वर्षंच लागतात. क्लॅरिसा आठवा. तिसऱ्या पुस्तकात वडिलांच्या बदनामीचा सूड घ्यायला निघालेली मुलगी, काही क्षण राक्षसी ताकद देणाऱ्या कृत्रिम ग्रंथी तिने अंगात बसवून घेतलेल्या. तेव्हा ती युक्ती फक्त मारामारीपुरती वाटते. पुस्तक संपतं, ती पकडली जाते, धागा संपला. पाचव्यात होल्डनचा साथीदार एमॉस पृथ्वीवर तिला तुरुंगात भेटायला जातो, 'पीचेस' म्हणून हाक मारतो, आणि नेमका त्याच वेळी दगड पडतो. सातव्यात ती रोसिनांतेवर यंत्रं दुरुस्त करते आहे, आणि त्याच ग्रंथी झिरपून तिला हळूहळू मारत आहेत. २०१३ मधल्या पुस्तकात केलेली चूक २०१७ मधल्या पुस्तकात तिच्या शरीरातून वसूल होते. हे सहा महिन्यांनंतरची गोष्ट सांगून दाखवता आलं नसतं. तिच्यावरची ती पानं वाचताना मी पुस्तक मिटून बाल्कनीत जाऊन उभी राहिले होते. पुढे तिचं काय होतं ते इथे लिहीत नाही, कारण तुम्ही अजून तिथे पोचलेला नाहीत.

वकिलीबद्दल. ही मालिका मला आवडते, ते मी लपवलेलं नाही. पण आपल्याकडे विज्ञानकथा मुख्यतः दिवाळी अंकांच्या मापात वाढली, कथा वीस पानांत मिटते. नऊ पुस्तकं लांबीचं कथानक कसं पेलतात यावर मराठीत बोलायला फारसं कुणी मिळत नाही. म्हणून तुमची प्रतिक्रिया आल्याचा मला खरंच आनंद झाला, बोचली तरीही.

आणि एक राहिलं. पुन्हा सुरू केलंत तर सातवं संपल्यावर लगेच आठवं उघडू नका. मध्ये 'स्ट्रेंज डॉग्ज' ही २०१७ ची छोटी कथा वाचा, लॅकोनियावरच्या कारा नावाच्या मुलीची. ती आठव्यात येते, आणि कथा न वाचलेल्याला ती तिथे उपरी वाटण्याची शक्यता आहे. मुख्य कादंबरीतलं पात्र बाहेरच्या कथेवर असं अवलंबून ठेवणं मला पटलेलं नाही. तुमच्या तीन आक्षेपांत हा चौथा माझ्याकडून जोडा.