बॅग तरंगवली म्हणजे क्वारंटाईन होत नसतंय!

"काय होत नाही ओ, टाका की डायरेक्ट." सोलापुरात कुठल्या पण फिशवाल्याकडं जावा, हेच ऐकायला मिळणार. नव्या माशाची पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगवा, मग सोडून द्या, झालं. अरे बाबा, पिशवी तरंगवून फक्त दोन्हीकडच्या पाण्याचं टेंपरेचर सारखं होतंय, माशाच्या अंगावरचा रोग तेवढ्यात उतरून घरी जात नसतो!

आणि हे सांगणाऱ्याच्या दुकानात काय चाललेलं असतं बघा. एकच जाळी. मेलेला काढायला तीच, मॉली पकडायला तीच, एंजल पकडायला पण तीच. वर तोंड करून सांगणार "कालच माल आलाय". कालच आलाय हीच तर भीती आहे ना! कलकत्त्याहून नाहीतर चेन्नईहून ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत कोंबून, गाडीत हिंदकळत, स्वतःच्याच घाणीच्या अमोनियात बसून आलेला मासा, त्याच्यात कसली ताकद राहणार, कपाळ? रोग अशाच वेळी जोर धरतो, पण डोळ्याला दिसायला काही दिवस जातात, म्हणून नवा मासा तीन-चार आठवडे वेगळा ठेवायचा असतो. हौस म्हणून नाही.

बरं त्याला माल खपवायचाय, त्याचं सोडा. घरच्यांचं काय करू? मी ऑफिसात, इकडं मेव्हणे साहेब आले मॉलीची पिशवी घेऊन, आणि माझ्या सेट झालेल्या टाकीत मासे सोडले ते सोडले, वर दुकानातलं पाणी पण सगळं ओतलं. संध्याकाळी मी आलो तर तोंड भरून, "दाजी, सरप्राईज!" नवे मासे वेगळे ठेवायला बाथरूममध्ये टब तयार होता बे, त्यात स्पंज फिल्टर, एअर पंप, मासे लपायला पाईपचा तुकडा, सगळं! विचारलं तर म्हणे "मला वाटलं कपडे भिजवायचा टब आहे." कपड्याच्या टबात बुडबुडे सोडतात होय रे?

पुढं जे व्हायचं तेच झालं. आधी मासे दगडाला अंग घासायला लागले, मग अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. व्हाईट स्पॉट. फक्त मॉलीला नाही, माझ्या जुन्या टेट्रांना पण.

आता यातली खरी डोकेदुखी ऐका. तो ठिपका म्हणजे कातडीखाली बसलेला परजीवी, तिथं त्याच्यापर्यंत औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून तळाला जातो, कवच करून त्यात फुटून शेकडो पिल्लं काढतो, तिथं पण औषध पोचत नाही. ती पिल्लं नवा मासा शोधत पाण्यात फिरतात तेवढीच वेळ औषधाची. म्हणून ठिपके गेले की "बरे झाले" म्हणून औषध बंद करणाऱ्याच्या टाकीत परत ठिपके येतात. आणि आमच्या दुकानदारानं दिलं काय, तर निळं औषध, मेन टाकीत ओता म्हणे! मिथिलीन ब्लूनं फिल्टरमधले अमोनिया खाणारे चांगले बॅक्टेरिया मरतात, अमोनिया वाढतो, काचेच्या जोडातलं सिलिकॉन निळं होतं ते वेगळंच. रोगानं नाही मेला तर औषधानं मरेल, अशी सोय.

त्यात आपलं सोलापूर. नळाला रोज पाणी येत नाही, आलं की पिंप, हंडे, बादल्या भरायची धांदल, त्यात माशाला घातक क्लोरीन. उपचार म्हणजे तळाची घाण ओढून पाणी बदलत राहायचं, आणि मी बादली उचलली की आतून आवाज येणार, "माणसांना पाणी पुरंना आणि ह्यांचे मासे आंघोळ करायलेत!" आईचं पण चूक नाही म्हणा. पण टबात चार मासे असते तर एक-दोन बादल्यात भागलं असतं की, आता अख्ख्या टाकीचं पाणी कुठून आणू? वर हा उन्हाळा, बाहेर चाळीसच्या वर, पाणी जेवढं तापतं तेवढा त्यात ऑक्सिजन कमी, ठिपके कल्ल्यात शिरलेला मासा आधीच वर येऊन तोंड वासतोय, आणि नेमकी तेव्हाच लाईट जाणार. बॅटरीवरचा पंप लावून मी टाकीपुढं बसलोय, आणि बाकीचे घरात हसायलेत, "माशाला आयसीयू".

हसा. टेट्रा गेले, त्यांचं कुणाला काय. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "तुमच्या पाण्यातच काहीतरी असंल." वर्षानुवर्षं त्याच पाण्यात जगत होते ना रे ते!

आणि काल मेव्हण्याचा मेसेज. "दाजी, टेन्शन नका घेऊ, रविवारी दुसरे आणून देतो, त्याच दुकानातनं, त्यानं डिस्काऊंट देतो म्हणलाय." आण बाबा आण. पण पिशवी उंबऱ्याच्या बाहेर ठेवायची आणि टाकीच्या झाकणाला हात लावायचा नाही, नाहीतर त्या टबात महिनाभर तुलाच ठेवतो बघ.