फायरवॉल बंद करून टाक, बघू

आज दुपारी कॉलवर हे वाक्य पुन्हा एकदा ऐकलं आणि तेव्हापासून डोकं शांत नाही. लिहून टाकतो. जे माझ्या धंद्यात नाहीत त्यांनीही वाचा, कारण हे फक्त कॉम्प्युटरचं नाही.

तीन मशीनचा कॅसांड्रा क्लस्टर उभा करायचा होता. कॅसांड्रा म्हणजे एकच डेटाबेस, पण अनेक मशीनवर पसरलेला. मशीन सतत एकमेकांची खबर घेत असतात, त्याला गॉसिप म्हणतात. (तुम्ही आत्ता जिथे हे वाचताय त्या फेसबुकच्याच इनबॉक्समधला शोध चालावा म्हणून तो जन्माला आला आणि 2008 मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला.) टीममधली सगळ्यात नवी मुलगी, नोकरीला जेमतेम सात महिने झालेली, दोन दिवस त्याच्याशी झुंजत होती. पहिलं मशीन उठायचं. दुसरं पहिल्याकडे बोलायला जायचं आणि 'नो रूट टू होस्ट', म्हणजे त्या मशीनकडे जायला रस्ताच नाही, अशी एरर घेऊन परत यायचं.

ती कॉलवर स्पष्ट म्हणाली, "सर, पिंग जातंय, म्हणजे रस्ता आहे. मला वाटतं समोरच्या मशीनचा फायरवॉल 7000 पोर्ट नाकारतोय." (पिंग म्हणजे मशीनला नुसती हाक मारून बघणं. पोर्ट म्हणजे मशीनचं एक क्रमांकाचं दार, 7000 वर कॅसांड्राची मशीन एकमेकांशी बोलतात. कोणाला आत सोडायचं ते ठरवणारा दरवान म्हणजे फायरवॉल.)

आमचे एक वरिष्ठ म्हणाले, "नो रूट लिहिलंय ना समोर? मग रूट नाही. नेटवर्कवाल्यांना तिकीट टाक. आधी बेसिक वाच."

तासाभरानं नेटवर्कवाल्यांनी कळवलं, रूट व्यवस्थित आहे. मग तेच गृहस्थ म्हणाले, "फायरवॉल बंद करून टाक, बघू." बंद केला. दुसरं मशीन मिनिटभरात आत आलं, मागोमाग तिसरं. "चला, झालं." आणि कॉल सोडता सोडता तिला, "एवढ्याला दोन दिवस?"

अहो, ती तुम्हाला हेच तर सांगत होती!

रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर फायरवॉलडी, म्हणजे तिथला फायरवॉल, बाहेरचा माणूस नाकारतो तेव्हा गप्प बसत नाही, 'मनाई आहे' असा निरोप परत पाठवतो. तो निरोप आपल्या पडद्यावर 'नो रूट टू होस्ट' म्हणून उमटतो. शब्द फसवे आहेत, मान्य. पण पिंग जातंय आणि पोर्टवर नो रूट येतंय, हे दोन्ही शेजारी ठेवले की संशय कुठे जायला हवा हे सात महिन्यांच्या मुलीला कळलं.

मला 2014 आठवलं. पुण्यातली जुनी कंपनी, माझा पहिला क्लस्टर, उबुंटूची तीन मशीन. तिन्हींवर एकच ओळ: कुठल्याच सीडशी गॉसिप करता येत नाही. (सीड म्हणजे क्लस्टरमध्ये शिरताना मशीन ज्यांना आधी गाठतं ती ओळखीची मशीन.) रात्री नऊपासून बसलो होतो. दुसऱ्या मशीनवरून 7000 ला टेलनेट केलं, म्हणजे हातानं जोडून पाहिलं, तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. मी तेच केलं जे सगळे करतात. आयपीटेबल्सचे, म्हणजे फायरवॉलचे, सगळे नियम उडवले. फरक शून्य. कॉन्फिग फाइलमध्ये जे दिसेल ते बदलत सुटलो. लिसन अ‍ॅड्रेसला (कॅसांड्रानं कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते) 0.0.0.0, म्हणजे सगळे पत्ते, देऊन पाहिलं, तर कॅसांड्रानं उठायलाच नकार दिला, त्याला तो पत्ता तिथे चालतच नाही. क्लस्टरचं नाव बदललं, तर डिस्कवर जुनं नाव लिहिलेलं, त्यावरून वेगळीच चूक. रात्री दोनपर्यंत मूळ दुखणं कोणतं आणि मी लावून घेतलेलं कोणतं, हेच मला सांगता येईना. नोकरी जाणार असं खरंच वाटत होतं. घरून फोन आला तो उचलला नाही.

रात्रपाळीला आमचे एक वयस्क सिस्टिम अ‍ॅडमिन असायचे, सगळे त्यांना काका म्हणायचे. आमच्या क्षेत्रात येण्याआधी काही वर्षं टेलिफोन खात्यात लाइनवर काम केलेलं. ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि पहिल्यांदा मी उडवलेले फायरवॉलचे नियम परत बसवायला लावले. मी म्हणालो, काका, आधीच चालत नाहीये. ते म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट हलव. नाहीतर सुरू झालं तरी कशानं झालं ते कळणार नाही."

मग विचारलं, "रिफ्यूज्ड येतंय की टाइम आउट?" मी म्हणालो, काय फरक पडतो, लागत तर नाहीच.

त्यांचं उत्तर मला आजही शब्दशः पाठ आहे. "नंबर फिरवलास आणि पलीकडून बाई म्हणाली की हा क्रमांक अस्तित्वात नाही, तर लाइन चांगली आहे. एक्स्चेंजपर्यंत पोचलास, तिथून उत्तर आलं. नंबर फिरवलास आणि नुसती शांतता, तर वाटेत कुठेतरी वायर तुटली आहे. तुला उत्तर येतंय. मग तू वाटेत काय शोधतोयस?"

रिफ्यूज्ड म्हणजे बहुतेक वेळा मशीन गाठलं, पण त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. टाइम आउट म्हणजे कोणीतरी मुकाट्यानं पाकीट, म्हणजे आपण पाठवलेला डेटा, गिळतंय, बहुधा फायरवॉल किंवा क्लाउडवरचा सिक्युरिटी ग्रुप. हे कळायला मला पाच तास आणि काका लागले.

त्यांनी एसएस कमांड चालवायला लावली, कोण कुठे ऐकतंय ते बघायला. 7000 पोर्ट दिसला, पण पत्ता 127.0.1.1. म्हणजे मशीन स्वतःच्याच घरात, स्वतःशीच बोलत बसलं होतं. उबुंटू इन्स्टॉल होताना होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे नावं आणि पत्त्यांच्या यादीत, मशीनचं नाव त्या पत्त्याशी बांधून ठेवतं. मी लिसन अ‍ॅड्रेस मुळात रिकामा सोडला होता, म्हणून कॅसांड्रानं मशीनचं नाव विचारलं आणि मिळाला तो पत्ता धरून बसला. मशीनचा खरा पत्ता लिहिला, तिन्हीकडे एकेक ओळ. पहाटे साडेतीनला क्लस्टरची तब्येत दाखवणाऱ्या नोडटूल स्टेटसमध्ये तिन्ही मशीनसमोर 'यूएन' दिसलं, म्हणजे सुरू आणि ठीक. काका फक्त म्हणाले, "चहा घेऊ." एवढ्याला पाच तास? असं त्या माणसानं तोंडातून काढलं नाही. सकाळी साहेबांनी विचारलं तेव्हा "पोरानं शोधलं" म्हणाले. मी शोधलं नव्हतं हो.

म्हणून आज माझा संताप होतो. फायरवॉल घडीभर बंद करून 'दोष इथेच आहे का' हे पाहणं वेगळं. तेवढं ठीक आहे, ग्राहक फोनवर ओरडत असताना मीही केलंय. पण पाहून झालं की परत सुरू करून हवा तेवढाच पोर्ट उघडायचा असतो. आज तो बंद ठेवून सगळे निघून गेले! कॅसांड्रात पासवर्ड विचारणं आपण सुरू करेपर्यंत बंद असतं. अ‍ॅप्लिकेशन ज्यावरून डेटाबेसशी बोलतं त्या 9042 पोर्टपर्यंत जो पोचला तो आत. जानेवारी 2017 विसरलात का? इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस लोकांनी पुसून टाकले आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली. तिथे कोणी कुलूप फोडलं नव्हतं, ते लावलेलंच नव्हतं. त्याच वर्षी मोंगोडीबीनं 3.6 आवृत्तीत ठरवून टाकलं की सांगितल्याशिवाय डेटाबेस स्वतःच्या मशीनबाहेर ऐकणारच नाही.

शिवाय नुसता थांबवलेला फायरवॉलडी रीबूटनंतर आपोआप परत उठतो. म्हणजे महिना-दोन महिन्यांनी कोणीतरी मशीन रीबूट करणार, ते क्लस्टरमधून बाहेर पडणार, 'नो रूट टू होस्ट' येणार, आणि आजचा दिवस कोणालाच आठवणार नाही. रात्री कोणाला उठवतील? त्याच मुलीला.

तयार क्लाउड डेटाबेस घ्या, ही कटकटच नको, असं काही मित्र म्हणतील. घ्या की, परवडत असेल तर. मी कुठे नाही म्हणतोय.

काकांनी त्या रात्री आणखी एक गोष्ट दाखवली होती, ती आता लिहिताना आठवली. तिन्ही मशीनच्या सीड यादीत प्रत्येकाचा फक्त स्वतःचाच पत्ता टाकायला लावला आणि म्हणाले, आता बघ. तिन्ही मशीन निवांत उठली. एकही एरर नाही. प्रत्येक ठिकाणी नोडटूल स्टेटस एकच ओळ दाखवत होतं, स्वतःची, यूएन. तीन मशीन, तीन वेगळे क्लस्टर, आणि कोणाला पत्ता नाही. "हे बघून ठेव," म्हणाले, "एरर आली तर आपलं नशीब." पहाटे चारला, घरी जायचं सोडून, एका नवख्या पोराला त्यांनी मुद्दाम बिघाड करून दाखवला, मग सगळं पुसून नीट उभं करून घेतलं. त्या माणसाला त्याचे वेगळे पैसे मिळत नव्हते.

आणि आज मी काय केलं? कॉलवर होतो. तिचं बरोबर आहे हे मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. माइक म्यूट होता आणि म्यूटच राहिला. वरिष्ठांशी सगळ्यांसमोर कशाला वाद, असं मनात आलं. हेच मला जास्त लागलंय. त्यांच्यावर एवढं चिडून लिहितोय, पण ज्या दिवशी काकांसारखं खुर्ची ओढून शेजारी बसायचं होतं, त्या दिवशी मी गप्प बसलो.

संध्याकाळी तिला मेसेज केला. तुझं निदान बरोबर होतं, मी तिथेच बोलायला हवं होतं, माफ कर. फायरवॉल परत कसा लावायचा ते उद्या बसून बघू, असंही लिहिलं.

मघाशी तिचं उत्तर आलं. "थँक्यू सर. फायरवॉल मी सात वाजताच तिन्हींवर परत सुरू केला. 7000 फक्त या तीन मशीनना एकमेकांसाठी उघडलाय, 9042 फक्त अ‍ॅप्लिकेशनच्या मशीनला. तिन्ही यूएन आहेत. एकेक करून रीबूट करूनही बघितलं."

उद्या दहाच्या कॉलवर हा मेसेज मी वाचून दाखवणार आहे, तिचं नाव घेऊन. आणि काकांना फोन करायचाय, दिवाळीनंतर केलेला नाही.